टिपरचा राब

सायलेन्सर या विषयावर माझ्याइतका ठामपणे चुकीचं बोलणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा सापडायचा नाही. पूर्वी मी हेच वाक्य 'चुकीचं' हा शब्द गाळून सांगायचो आणि चार माणसं माना डोलवायची. जव्हारच्या एसटी डेपोजवळच्या चहाच्या टपरीवर माझी ओपीडी चालायची. कुणाची गाडी फटफटायला लागली की तो मला शोधत यायचा. मी खिशातून रुपयाचं नाणं काढायचो, गाडीखाली शिरायचो, सायलेन्सरवर तीन ठिकाणी टकटक करायचो आणि डोळे मिटून निदान सांगायचो. डोळे मिटण्याचा निदानाशी काडीचा संबंध नव्हता. लोकांना ते आवडायचं म्हणून मिटायचो.

आता अगदीच अडाणी नव्हतो हेही सांगतो, नाहीतर माझ्याच तोंडाने माझी फार अब्रू जायची. ट्रकचा सायलेन्सर घेताना पत्रा जाड बघावा, शिवण दुहेरी बघावी, दोन्ही हातांनी उचलून वजन बघावं आणि कानाशी हलवून आत काही खुळखुळत नाही ना ते ऐकावं. तो टांगायची रबरं वेळेवर बदलावीत. रबर गेलं की सगळा भार पाइपाच्या सांध्यावर येतो आणि घाटातल्या एका खड्ड्यात सांधा उघडतो. जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून गंजतो, कारण तो पुरता तापतच नाही, मग आतलं पाणी सुकणार कसं? हे सगळं खरं आहे. पण खरं तेवढंच बोलून गप्प बसेन तर तो मी कसला!

माझा स्वतःचा एक सिद्धांत होता. सायलेन्सर जितका मोकळा तितकी गाडी पळते. तो सिद्ध करायला मी माझ्या जुन्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये पहार घालून आतले दोन पडदे फोडले. गाडी पळाली नाही. डिझेल जास्त खायला लागली आणि आवाज असा काढायला लागली की मी शाळेवरून गेलो की गुरुजी खडू खाली ठेवून माझं जाणं होईपर्यंत उभे राहायचे. मला वाटायचं, मला मान देतात.

माझ्या या विद्वत्तेला आयुष्यात एकाच माणसानं कधी दाद दिली नाही. ती माझी सासू. बायकोचं माहेर खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर. डोंगराच्या उतारावर भाताची चार खाचरं, वर नागलीचा, म्हणजे नाचणीचा तुकडा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. सासरे लवकर गेले, तेव्हापासून सगळं तीच बघते. आमच्याकडे मात्र जमिनीच्या नावानं घराखाली होती तेवढीच. माझा बाप जव्हारात लाकडाच्या गाड्या भरायचा आणि उतरवायचा, आणि त्याचा बापही तेच करायचा. मी गाडीच्या मागून गाडीच्या पुढे आलो, स्टिअरिंगवर बसलो, पुढे स्वतःची गाडी घेतली. आमच्या खानदानात ही झेप मोठी होती. मामीच्या, म्हणजे सासूच्या लेखी मात्र मी बिनजमिनीचाच. पोरीनं हट्ट धरला म्हणून तिनं लग्न लावून दिलं आणि बावीस वर्षं मला 'डायवर' म्हणून हाक मारली. जावई हा शब्द तिला येत नव्हता असं नाही. मोठ्या पोरीच्या नवऱ्याला ती जावईच म्हणायची. त्याच्याकडे बैलजोडी होती.

आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या घरात त्यांची स्वतःची बोली बोलतात. पोरींशी, शेजाऱ्यांशी, बैलांशीसुद्धा ती त्याच बोलीत बोले. मराठी ती फक्त तलाठ्याशी, डॉक्टरशी आणि माझ्याशी बोलायची. मला त्यांची बोली पहिल्या दोन वर्षांतच कळायला लागली होती, पण मामी माझ्याशी कचेरीचीच मराठी बोलत राहिली. माझ्या गाडीतही ती कधी बसली नव्हती. "आमाला पाय हायेत," म्हणायची. विषय संपला.

तीन वर्षांमागे मी जुना ट्रक मोडीत काढला आणि कर्ज काढून नवा टिपर घेतला. मागचा डाला उचलून खडी ओततो तो. मोखाडा तालुक्यात रस्त्यांची कामं निघाली होती आणि खाणीतून खडी उचलून कामावर टाकायची असं माझं काम. नव्या गाडीला सायलेन्सरच्या जागी एक भला मोठा पिंप होता. त्याला वायरी काय, नळ्या काय, आणि शेजारी एक निळ्या झाकणाची टाकी. त्या टाकीत जे पाणी घालायचं त्याला आमच्यात सगळे युरियाच म्हणतात. मी पाड्यावर गाडी दाखवायला नेली तेव्हा मामीनं ते ऐकलं. म्हणाली, "आमाला भाताला युरिया मिळत नाय, आनि तू गाडीला पाजतोस?" मी टाकीचं निळं झाकण घट्ट लावलं. 

मी पिंपावर नाणं वाजवून बघितलं. ठस्स आवाज आला. टपरीवर जाऊन सांगितलं, "आत काही दम नाही. कंपनीवाले लोकांना येड्यात काढतात." गाडीबरोबर एक पुस्तक मिळालं होतं. ते मी देवाच्या फोटोखाली ठेवलं आणि दसऱ्याला गाडीबरोबर त्याचीही पूजा केली. उघडलं नाही.

मग एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, तेव्हा मी दिव्याकडे दुर्लक्ष केलं. दिवा दुसऱ्या दिवशी पण, तिसऱ्या दिवशी पण. रात्रंदिवस तो डोळ्यांत टोचायला लागला, तेव्हा मी एक अक्कलहुशारीचं काम केलं. बायकोच्या पाकिटातली एक मोठी लाल टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. दिवा दिसेनासा झाला आणि माझ्या जिवाला गार वाटलं. बायकोनं बघितलं आणि विचारलं, "हे काय?" म्हटलं, "गाडीला नजर लागू नये म्हणून." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी सवय आहे.

गाडीला नजर लागली नाही, गाडीचा दम कोंडला. भरल्या खडीनिशी घाट चढताना मध्येच तिची ताकद गेली. पाय पूर्ण दाबला तरी ती बैलगाडीच्या वेगानंसुद्धा चढेना. मागे एसटी, एसटीमागे चार जीपा, त्यामागे वऱ्हाडाचा टेम्पो. नवरदेव स्वतः उतरून आला आणि म्हणाला, "काका, मुहूर्त आहे." मी त्याला सायलेन्सरविषयी माहिती द्यायला लागलो.

हायवेवरच्या एका फिटरनं फोनवर लगेच औषध सांगितलं. "आतली जाळी फोडून टाकू, सरळ पाइप टाकू, कटकट मिटेल." मला एकदम पटलं. माझा जुना सिद्धांतच की तो! पण गाडी गॅरंटीत होती आणि बायको म्हणाली, आधी कंपनीच्या माणसाला दाखवा. म्हणून नाशिककडच्या वर्कशॉपला नेली. तिथे पिंप बघायला आली एक पंचविशीची पोरगी, निळ्या डगल्यात, हाताला ग्रीस. मोखाड्याकडच्याच पाड्यावरची निघाली, आयटीआय केलेली. तिनं आधी टिकली काढली, बोटावर चिकटवून माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "काका, ही कुणाची?"

आजूबाजूचे सगळे हसले. मला वाटलं, धरणी दुभंगावी.

मग तिनं समजावून सांगितलं. पिंपात बारीक भोकांची एक जाळी असते आणि डिझेलच्या धुरातली काजळी तिच्यात अडकते. गाडी लांब, एका लयीत पळाली की पाइप तापतो आणि काजळी आपोआप जळून जाते. "तुमची गाडी आठ-दहा किलोमीटर चढते, खडी ओतते, तासभर उभी राहते. ती तापणार कधी?" म्हणून दिवा लागतो. दिवा लागला की मोकळ्या जागी गाडी उभी करायची, हँडब्रेक लावायचा, हे बटण दाबायचं. इंजिन आपोआप जोर धरेल आणि अर्धा-पाऊण तास आतली काजळी जाळेल. मध्ये बंद करायचं नाही, घाई करायची नाही. इंजिनात तेल पुस्तकात लिहिलंय तेच घालायचं, कारण काजळी जळते पण भलत्या तेलाची राख जाळीतच बसते, ती काढायला गाडी इथेच आणावी लागेल. आणि शेवटी म्हणाली, "बटण दाबायच्या आधी गाडीखाली आणि पाइपाच्या तोंडासमोर बघायचं. सुकं काही नको. तिथून आगीसारखा झोत येतो."

मी विचारलं, "आणि ही जाळी फोडूनच टाकली तर?"

"फोडा की," ती म्हणाली. "गुन्हा आहे, ते जाऊ द्या. मी सात वर्षं खडीच्या गाड्यांच्या मागून चालत शाळेत गेले. घरी आल्यावर नाक पुसलं की बाही काळी व्हायची. तेव्हा कुठली गाडी चालवायचात तुम्ही?"

मी गाडीचा नंबर सांगितला नाही. जाळी फोडायचा विषयही परत काढला नाही.

त्या दिवसापासून मी बटणाचा भक्त झालो. बाटलेला माणूस जास्त कडवा असतो म्हणतात, तसंच माझं. दिवा लागला की मी मुद्दाम चार माणसं असतील तिथे गाडी उभी करायचो, बटण दाबायचो आणि व्याख्यान द्यायचो. "गाडी आता पोट साफ करते," असं सांगायचो. टपरीवर माझी ओपीडी नव्या विषयात सुरू झाली.

पुढच्या उन्हाळ्यात मामीचा गुडघा धरला. आणि मे महिन्यात बायको म्हणाली, "आईनं विचारलंय, राबाचं सामान तुमच्या गाडीतून आणाल का?"

मी दोनदा विचारलं, खरंच आईनं विचारलं का. बावीस वर्षांत पहिल्यांदा!

राब म्हणजे काय हे मला तोवर लांबूनच ठाऊक होतं. उन्हाळ्यात डोंगरउतारावर धूर दिसायचा, माणसं म्हणायची राब भाजतायत, आणि मी काच वर करायचो. जिथे भाताचं आणि नागलीचं रोप पेरायचं त्या जागेवर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचतात, वर मातीची पातळ चादर घालतात आणि वारा पडलेला बघून हळूहळू भाजतात. तण मरतं, माती मऊ होते, राख जागच्या जागी मुरते, मग रोप जोमदार येतं. राब बिघडला तर रोप बिघडतं, आणि रोप बिघडलं तर सगळं वर्षच बिघडतं. त्यासाठी मामी थंडी सरल्यापासून पाला आणि फांद्या गोळा करत होती. बांधाबांधावर तिचे भारे वाळत पडले होते. गुडघ्यामुळे डोक्यावरून आणणं जमेना म्हणून तिनं मला सांगितलं.

मी टिपर धुऊन नेला. पाल्याचं सामान आणायला गाडी धुऊन नेणारा मी बहुधा पहिलाच. दोन फेऱ्यांत सगळं खाली आणून टाकलं. मामी काठी टेकत उभी राहून बघत होती. राब दोन होते. वरच्या राबावर बायकांनी थर रचून दिले, फक्त माती घालायची राहिली होती. खालच्या राबाचं सामान ढीग करून ठेवलं होतं. पाच-सहा शेजारी मदतीला आलेले. एकजण म्हणाला, "डायवरभाऊ, चार दिवसांचं काम एका सकाळीत केलंत." मी मामीकडे बघितलं. तिनं मान हलवली. ती मान मी बघितली, देवाशप्पथ.

आणि नेमका तेव्हाच पिवळा दिवा लागला.

शहाणा माणूस गाडी काढून रस्त्यावर गेला असता. मला वाटलं, काय योग आहे! सगळे जमलेत, मामी समोर आहे, दाखवू या तिला आपली गाडी काय चीज आहे. ती वर्कशॉपमधली पोरगी म्हणाली होती ते मला अर्धं आठवलं. गाडीखाली वाकून बघितलं. खाली सगळी उघडी माती, एक काडी नाही. पाइपाचं तोंड कुठे आहे ते बघायचं राहिलं. ते चाकाच्या मागे बाजूला निघतं, आणि त्या बाजूला हातभर अंतरावर मामीचा वरचा राब होता.

मी बटण दाबलं. इंजिन गर्जायला लागलं. मी सगळ्यांना सांगितलं, "घाबरू नका, पोट साफ करते," आणि कोरा चहा प्यायला शेतातल्या झोपडीच्या सावलीत गेलो. दुपारचा वारा सुटला होता. माझं व्याख्यान रंगात आलं होतं, काजळी वेगळी, राख वेगळी, इथवर मी पोचलो होतो. एवढ्यात मामी ओरडली. तिच्या बोलीत ओरडली. मराठीत यायला तिला वेळ नव्हता.

वळून बघतो तर वरचा राब पेटलेला. हळूहळू भाजायचं ते सगळं एकदम भडकलं होतं, पुरुषभर ज्वाळा. मी धावत जाऊन आधी गाडी काढली. बायका ओल्या फांद्या घेऊन झोडपत होत्या. वाऱ्यानं ज्वाळा खालच्या ढिगावर टाकल्या आणि तोही गेला. विहीर लांब, हंडे दोन. माझ्या हातातला चहा संपायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्या वेळात चार महिन्यांचं सामान जळून गेलं. कुणाला इजा झाली नाही, एवढीच देवाची कृपा. माती घातलेली नसल्यानं राखही जागेवर थांबली नाही. वाऱ्यानं ती उचलली आणि बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याच्या वावरात नेऊन पसरली. मी डोळ्यांनी बघत होतो.

कुणी मला शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मामी बांधावर बसली. पाय पुढे पसरून, सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून ती काळ्या जागेकडे बघत राहिली. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मामी, चुकलं." ती म्हणाली, "बस." मग विचारलं, "गाडी काय जाळत होती?"

मी सांगितलं. आत काजळी साचते, ती एका जागी उभं राहून, घाई न करता, आजूबाजू बघून जाळायला लागते. नाहीतर गाडी चढत नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग तलाठ्याशी बोलतात तशा मराठीत म्हणाली, "म्हंजे तुज्या गाडीला पन राब भाजायला लागतो. तुला समदं ठाव होता. मंग डोला कुठं होता तुजा?"

मला भयंकर लाज वाटली. माझा डोळा कुठे होता ते मला पक्कं माहीत होतं. तो तिच्या तोंडाकडे होता, ती कधी शाबास म्हणते ते बघत.

त्या रात्री बायको म्हणाली, "बावीस वर्षं मी आईला सांगत आले, माणूस बरा आहे. आता पुढचं तुम्हीच सांगा."

मी खडीचं काम आठ दिवस बंद ठेवलं. टिपर पाड्याच्या बाहेर सडकेवर उभा केला. मामीनं तो आत आणू दिलाच नाही. पाला, फांद्या, शेण, सगळं डोक्यावरून आणायचं. पन्नाशीला आलेला मी, पोट सुटलेलं, कितीतरी वर्षं स्टिअरिंगवरच बसलेला. पहिल्या दिवशी भारा डोक्यावर घेतला आणि दहा पावलांत मान अशी आखडली की मला नमस्कार करणाऱ्या प्रत्येकाकडे मी फक्त डोळ्यांनी बघत होतो. पाड्यातल्या म्हाताऱ्या दारात बसून मला बघायच्या आणि हसू आवरायला पदर तोंडात घालायच्या. एकीनं विचारलं, "डायवर, तुजा दिवा लागलाय का?" माझा दिवा पहिल्याच चढावर लागायचा.

आठ दिवसांत जेमतेम एका राबाचं सामान झालं. जवळचा पाला लोकांनी आधीच नेलेला, आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. खालचा राब मामीनं स्वतः भाजला. संध्याकाळी वारा पडल्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूनं. आग एका जागी धुमसत, पावलापावलानं सरकत होती. माझ्या हातात मामीनं पाण्याचा हंडा दिला आणि सांगितलं, "हलू नको." मी हललो नाही. वरचा राब तसाच राहिला. तिथे पेरलेलं रोप पिवळं, खुरटं आलं आणि तणानं ते गिळलं. लावणीला रोप कमी पडलं, आणि वरचं खाचर त्या वर्षी रिकामं राहिलं. शेजाऱ्याचं भात मात्र पाड्यात सगळ्यात बरं आलं. तो एक दिवस घरी काकड्या घेऊन आला आणि म्हणाला, "डायवरभाऊ, पुढच्या वर्षी पन या."

लावणी उरकल्यावर मामीचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. सकाळची एसटी आलीच नाही. मी भीतभीतच म्हटलं, "मामी, गाडी आहे." ती सडकेवर उभी राहून बराच वेळ टिपरकडे बघत होती. मी स्टूल ठेवलं. हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही, पण स्टुलावर पाय ठेवला. बायकोनं मागून आधार दिला आणि मामी पहिल्यांदा माझ्या गाडीत बसली. बायको घरची कामं म्हणून मागे राहिली. ती मुद्दाम राहिली असं मला आजही वाटतं.

खोडाळा सोडून चढ लागला. पाऊस भुरभुरत होता.  चढ संपायच्या बेताला पिवळा दिवा लागला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. दवाखान्यात डॉक्टर दुपारपर्यंतच असतो.

"दिवा लागला," मामी म्हणाली.

"लागू दे. आधी दवाखाना. परतताना बघू."

"गुडघा पलून जात नाय. थांबव."

पठारावर उघडा कातळ बघून गाडी उभी केली. खाली उतरलो. गाडीखाली बघितलं, मागे बघितलं, पाइपाचं तोंड कुठे आहे त्या बाजूला जाऊन वाकून बघितलं. ओला कातळ, पाण्याशिवाय काही नाही. भिजून वर चढलो.

"बगलास?"

"बघितलं."

"वारा?"

परत खाली उतरलो. वारा बघितला. वर आलो आणि बटण दाबलं. इंजिन गर्जायला लागलं, सगळी केबिन थरथरायला लागली. अर्धा तास. सासू आणि जावई, मध्ये गिअरचा दांडा, आणि बोलायला विषय नाही. मी सायलेन्सरविषयी एक अक्षर बोललो नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम असेल.

बऱ्याच वेळानं मामी काचेतून बाहेर बघत बोलली. तिच्या बोलीत. इंजिनाच्या आवाजात मला आधी वाटलं, ती स्वतःशीच बोलतेय.

"वरचं खाचर पडून राहिलं," ती म्हणाली.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"होय, तुझ्यामुळे." ती म्हणाली. "पुढल्या साली त्याचा राब तू भाज. सामान तू आण, डोक्यावरून. पेरणी तुझी, लावणी तुझी. चुकलास तर मी बांधावर आहे. आलं तर भात तुझ्या घरी ने. आणि मी गेल्यावर पण ते खाचर तूच कर. पोरींना मी सांगितलंय."

 माझा बाप आठवला, लाकडाची गाडी उतरवून झाल्यावर दुसऱ्याच्या ओट्यावर बसून पाणी पिणारा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी तोंड दाराच्या काचेकडे केलं आणि मान बाहेर काढून सायलेन्सर बघतोय असं दाखवलं. सायलेन्सर त्या बाजूला नव्हताच, तो तिच्या बाजूला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. इंजिनाचा आवाज कधी उतरला ते मला कळलंच नाही. मामीनं काठीनं डॅशबोर्डवर टकटक केलं.

"डायवर," ती तिच्याच बोलीत म्हणाली, "दिवा गेला. चल."